हौद्याच्या कडेचा माणूस

कुस्ती दोघांत होते, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः हौद्याच्या कडेला आणखी दोघे मनाने झुंजत असतात. ते त्या पैलवानांचे वस्ताद. बेळगावच्या खडेबाजाराच्या आसपास ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे निराळे सांगावयास नको. लाल माती ताक, तेल आणि हळद घालून मऊ करावयाची, मारुतीरायापुढे उदबत्ती लावावयाची आणि मग वस्तादांच्या नजरेखाली जोर-बैठकांना आरंभ करावयाचा, हा तालमीचा नित्यक्रम आम्ही लहानपणी पाहिला. कोणाची जोड कोणाशी लावावी, खुराक किती असावा, आनंदवाडीच्या आखाड्यात कोणास उतरवावे आणि कोणास वर्षभर थांबवावे, हे सारे वस्ताद ठरवीत. पोरगा चीत झाला, तर "मीच त्याला लवकर उतरवला," एवढेच ते म्हणत.

पुढे पुष्कळ वर्षांनी भाच्याकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला. तेथे ज्यास फुटबॉल म्हणतात, तो खेळ पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळतात. अकरा-अकरा गडी, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. "मामा, चेंडूकडे नको, त्या कानाला यंत्र लावलेल्या गृहस्थांकडे पाहा," भाचा म्हणाला. ते मुख्य प्रशिक्षक. चढाईसाठी एक, बचावासाठी दुसरा, असे अनेक साहाय्यक त्यांच्या हाताखाली असतात. पण चौथ्या प्रयत्नात धोका पत्करावयाचा की चेंडू लाथाडून दूर धाडावयाचा, याचा अखेरचा शब्द त्यांचा. प्रत्येक अर्ध्या डावात तीन वेळा खेळ थांबविण्याची मुभा संघास असते, आणि ती मुख्य प्रशिक्षक कडेवरूनच मागू शकतात. संघ हरत राहिला, तर नोकरी प्रथम जाते तीही बहुधा त्यांचीच.

खेळ थांबविण्याचा हा अधिकार पाहून मला खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 साली लंडनला सहावा आला. त्या वेळी त्यास रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले होते. 1952 साली हेलसिंकीस जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. तेथे जपानच्या इशींशी दीर्घ झुंज झाल्यावर लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळावयास हवी होती. परंतु ती मागण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानून परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

विश्रांती मिळाली असती तर सुवर्ण आले असते, असे मी म्हणत नाही. पण घर गहाण ठेवणारा भेटावा आणि "थांबा" म्हणणारा भेटू नये, ही गोष्ट मनास लागून राहते. थकलेल्या मल्लास स्वतःची थकवा दिसत नाही, आणि दिसला तरी तो सांगणे त्यास कमीपणाचे वाटते. म्हणून त्याच्या वतीने बोलणारा माणूस लागतो.

आपल्या देवस्थानांच्या यात्रांतून आजही मैदाने भरतात. विजेत्यास इनाम मिळते, वस्तादांस फेटा आणि नारळ मिळतो. यात्रा समित्यांनी त्याबरोबर कुस्ती थांबविण्याचा हक्कही वस्तादांस द्यावा, आणि त्यांची बैठक पाहुण्यांच्या व्यासपीठावर न मांडता हौद्याच्या कडेलाच ठेवावी.