दोन तोफा, एक बोट

प्रिय तुला,

‘या वयात रणगाडे?’ हा तुझा टोमणा पोचला. अगं, बसल्या जागी वाळवंट पालथं घालता येतं, गुडघ्यांची कुरकुर नाही, आणखी काय हवं? भाच्याने संगणकावर खेळ घालून दिला, आणि आता तोच विचारतो, ‘मावशी, माझी पाळी कधी?’

तुला सांगते, मला रणगाडाही मिळाला तो असा आडमाप! अमेरिकेचा एम-३ ली. १९४० साली त्यांच्याकडे ७५ मिलिमीटरची तोफ पेलेल असा फिरता बुरूज तयार नव्हता. म्हणून घाईघाईने ती तोफ रणगाड्याच्या उजव्या कुशीतच बसवली आणि वरच्या बुरुजात ३७ मिलिमीटरची धाकटी दिली. धाकटी चहूकडे मान फिरवते. थोरली डावी-उजवीकडे जेमतेम पंधरा अंश वळते, मग ढिम्म.

पडद्यावर त्याची गंमत बघ. मी बघते तिथे एक वर्तुळ, धाकटीचा रोख दाखवणारं दुसरं, थोरलीचं तिसरं. मी डावीकडे वळले की माझं वर्तुळ टुणकन जातं, धाकटीचं रेंगाळत येतं, आणि थोरलीचं अर्ध्या वाटेत रुसून बसतं. तिची समजूत काढायला अख्खा रणगाडा वळवायचा, तोवर शत्रू टेकडीआड! बरं, कधी तिन्ही वर्तुळं शत्रूवर एकत्र आली, तरी हुरळून जायचं नाही. मी बघते रणगाड्याच्या मागून, उंचावरून. धाकटीला वाळूच्या उंचवट्यापलीकडचं दिसतं, थोरलीचं तोंड मात्र त्याच वाळूत. परवा बार काढला, समोरच धुरळा उडाला. भाचा गंभीरपणे म्हणाला, ‘मावशी, उंदीर मेला असेल.’

तेव्हा तुझीच आठवण झाली. कॅरम खेळताना तू नजर एका सोंगटीवर ठेवायचीस, बोट दुसरीकडे वळवायचीस आणि पडायची तिसरीच. वर ‘हेच ठरवलं होतं’ म्हणायचीस!

पण खरं सांगू? आता त्या वर्तुळांचा राग येत नाही. खऱ्या लीमध्ये सात माणसं असायची. दोन्ही तोफांना नेम धरणारा वेगळा, गोळा भरणारा वेगळा, ज्याची त्याची दुर्बीण वेगळी. तिन्ही वर्तुळं एकट्याने सांभाळायची पाळी कुणावरच नव्हती. खेळाने त्या सातांना माझ्या एका बोटावर आणून बसवलंय. गोंधळ होणारच!

फ्रेंचांनी तर खऱ्या माणसावरच ही वेळ आणली होती. त्यांच्या शार बी-१ बिसची मोठी तोफ आडवी हलायचीच नाही. चालकच अख्खा रणगाडा केसभर वळवून नेम धरायचा. वर बुरुजात कमांडर एकटा: शत्रू शोधा, ४७ मिलिमीटरची तोफ भरा, रोखा, डागा, आणि हुकूमही सोडा. तरी १६ मे १९४० रोजी स्टोन गावात कॅप्टन बियोतच्या एका शार बी-१ बिसने तेरा जर्मन रणगाडे निकामी केले आणि अंगावर १४० मारे झेलूनही परत आला. रशियाच्या टी-३५ला तर पाच बुरूज होते. १९४१ मध्ये त्यातले कित्येक लढाईआधी रस्त्यातच बंद पडले. पुढे सगळ्यांनीच शहाणपणाने एक बुरूज आणि एक मोठी तोफ यांवर समाधान मानलं.

आणि आता तुझ्या कामाची गोष्ट. हा ली तुझ्या मुलखात लढलाय! १३ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळ नुनशिगुमच्या डोंगरावर ली चढवले होते. चढण इतकी खडी, की वाट दिसायला कमांडरांना डोकं बाहेर काढूनच उभं राहावं लागलं. रणगाड्यांवरचे सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. ते वाचल्यावर त्या दिवशी खेळायला बसवेना.

तुझ्या कोहिमात एक ली स्मारक म्हणून अजून जपलाय. इतकी वर्षं तिथे राहून तू त्याचं नावही काढलं नाहीस! आता मुकाट्याने जा आणि फोटो पाठव. उजव्या बाजूने काढ बाई. तुझी उजवी म्हणजे लोकांची डावी असते, तेव्हा दोन्हीकडून काढलेलाच बरा.

तुझीच,
मी