भारी रानातली मासोळी

पाँपेईच्या हस्तिदंती बाईच्या छायाचित्रात माझी नजर खिळली ती पायांवर. घोट्यापासून वर चढलेले तोडे, हातभर बांगड्या, अंगावर वस्त्र जवळपास नाहीच. दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन लहानशा दासी. पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरींना ही वीतभराहून जराशी मोठी मूर्ती १९३८ साली एका घरात मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, राखेनं आणि हलक्या सच्छिद्र दगडांनी शहर गाडलं, तेव्हा ती तिथंच होती. डोक्यात भोक आहे. आरशाची मूठ असेल, नाहीतर एखाद्या चौरंगाचा पाय. लोक तिला लक्ष्मी म्हणतात. मला ती देवी वाटत नाही. सवडीनं नटायला बसलेल्या खात्यापित्या घरातली बाई वाटते.

आणि ती आपल्याकडची वाटते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात तिच्यासारखीच एक आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला देव आणि गुप्ते यांनी उत्खनन केलं, तिथंही अशाच मूर्तीचा तुकडा निघाला. पाँपेईच्या बाईच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे म्हणून काही अभ्यासक तिचं माहेर वायव्येला शोधतात. माझं मत भोकरदनच्या बाजूचं. पैठण-तेरचा माल गाड्यांनी, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा, असं पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात लिहिलेलंच आहे.

भोकरदनचा तुकडा कशानं तुटला कोण जाणे. पण काळ्या मातीत काही हरवलं म्हटलं की मला आजीची मासोळी आठवते. वैशाखात आमचं नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीचं भारी रान असं भेगाळायचं की पऱ्हाटीचं धसकट आत सोडलं तर तळाला लागायचं नाही. आजी पऱ्हाट्या गोळा करत होती. सैल झालेली मासोळी पायाच्या बोटातून निसटली आणि भेगेत गेली. तिनं खुरप्यानं उकरलं, हात कोपरापर्यंत घातला. आम्ही पोरं पालथी पडून आत डोळे लावत होतो. आतून गार, जुनाट वास यायचा. आजोबा म्हणाले, दुसरी घेऊ. आजी म्हणाली, "दुसरी घ्याल हो, पर ही माझ्या मायची व्हती." मृगाचा पाऊस पडला, माती फुगली, भेगा मिटल्या. पुढं दर पाळीला आजी वखरामागून चालायची. एकदा मणी निघाला, लाल, भोक पाडलेला, आमच्या घरातल्या कुणाचाच नव्हे. मासोळी नाही निघाली. आजीनं तो मणी गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवला आणि मरेपर्यंत घातला.

ही मातीसुद्धा ज्वालामुखीचीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड कुजून ही जमीन झाली. बिलोली-देगलूरच्या बाजूला तो लाव्हा संपतो आणि ग्रॅनाइटचे गोल धोंडे सुरू होतात. व्हेसुव्हियसच्या राखेनं भाकऱ्यासुद्धा जागच्या जागी ठेवल्या. आमची माती दर उन्हाळ्यात वरचं पोटात घेते, पावसाळ्यात खालचं वर ढकलते. तिच्यात कुठलीच वस्तू आपल्या काळाजवळ राहत नाही. मला या जमिनीचा राग येत नाही. तिनं कापूस दिला, ज्वारी दिली, आजीला कुणा अनोळखी बाईचा मणी दिला.

पाँपेईची ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला, तेरच्या बाईला आणि भोकरदनच्या तुकड्याला एकदा एका काचेमागं मांडावं, आणि तेही तेरला, नेपल्सला नव्हे. बघायला शेतातल्या बायका याव्यात. त्या आधी तोडे बघतील.