हरवलेले अकरा दिवस आणि न झालेली दंगल

लंडनमधल्या सर जॉन सोन संग्रहालयात विल्यम होगार्थची निवडणुकीवरची चार चित्रं आहेत. त्यातल्या पहिल्या चित्रात व्हिग पक्षाची मेजवानी रंगात आली आहे. ऑयस्टर खाऊन खाऊन एक गृहस्थ गळाठला आहे, खिडकीतून भिरकावलेली वीट लागून दुसरा खुर्चीसकट उलटतो आहे, आणि पुढे बसलेल्या एका दांडग्याच्या फुटलेल्या डोक्यावर कुणीतरी जिन ओततो आहे. बाहेरच्या टोरी मिरवणुकीतून हिसकावून आणलेला एक फलक त्याच्या पायाशी लोळतो आहे. त्यावर मागणी आहे: आमचे अकरा दिवस आम्हाला परत द्या.

एवढ्या एका फलकावर इतिहासातली एक अख्खी दंगल उभी आहे.

ब्रिटनने १७५२ साली जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडून ग्रेगोरियन घेतली. २ सप्टेंबरला, बुधवारी झोपलेली माणसं गुरुवारी उठली ती थेट १४ सप्टेंबरला. सरकारने आपल्या आयुष्यातले अकरा दिवस कापले असं समजून अडाणी जमाव रस्त्यावर उतरला, काही माणसं मेलीसुद्धा, अशी हकिगत कित्येक पुस्तकांत वाचायला मिळते. प्रस्तुत लेखकानेही ती वर्गात बरीच वर्षं रंगवून सांगितली आहे. मुलं हसायची, तास छान जायचा.

रॉबर्ट पूल या इंग्रज इतिहासकाराने १९९०च्या दशकात त्या काळचे कागद आणि वर्तमानपत्रं चाळली, तेव्हा दंगलीचा पुरावा कुठेच निघाला नाही. मग होगार्थने फलक कुठून आणला? चित्र आहे १७५४च्या ऑक्सफर्डशायरमधल्या निवडणुकीवर बेतलेलं. तिथे व्हिगांच्या एका उमेदवाराचे वडील होते लॉर्ड मॅकल्सफील्ड, म्हणजे दिनदर्शिकेच्या कायद्यामागचं गणित जाणणारे खगोलज्ञ. विरोधकांना मुलाला चिडवायला बापाचे अकरा दिवस आयतेच सापडले. होता तो प्रचारातला टोमणा. पुढच्या पिढ्यांनी त्याची दंगल केली.

कायदा मांडणारे लॉर्ड चेस्टरफील्ड यांची गंमत तर वेगळीच. आपल्याला खगोलशास्त्रातलं काही कळत नव्हतं, नुसत्या गोड बोलण्यावर सभागृह जिंकलं, असं त्यांनी मुलाला पत्रात लिहून टाकलं आहे. खरी माहिती होती ती मॅकल्सफील्डना, पण टाळ्या चेस्टरफील्डना.

मुळात दिवस वगळायची वेळ का यावी? ज्युलियस सीझरच्या गणनेत वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचं होतं. ऋतूंचं वर्ष त्याहून साधारण अकरा मिनिटांनी लहान. साचत साचत १२८ वर्षांत एक दिवस चढतो. इसवी सन ३२५ मध्ये, नायसियाच्या धर्मसभेच्या काळात, वसंतसंपात २१ मार्चच्या आसपास होता. सोळाव्या शतकात तो ११ मार्चपर्यंत मागे आला. ईस्टरचं गणित संपातावर अवलंबून, त्यामुळे चर्चला स्वस्थ बसवेना. तेराव्या ग्रेगरी पोपने १५८२च्या फेब्रुवारीत फर्मान काढलं आणि त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. स्पेनमध्ये संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली. तिचा सण आजही १५ तारखेला असतो. आपल्याला यात नवल वाटू नये. तिथीचा क्षय होतो, अधिक महिना येतो, आणि कुणी रस्त्यावर उतरत नाही.

प्रोटेस्टंट देशांना मात्र पोपचं पंचांग नको होतं. स्वीडनने तर कमाल केली. १७०० पासून लीप दिवस गाळत हळूहळू जुळवून घ्यायचं ठरवलं, १७०४ आणि १७०८ मध्ये गाळायचं राहूनच गेलं, शेवटी सगळं सोडून जुन्या गणनेकडे परतण्यासाठी १७१२ साली चक्क ३० फेब्रुवारी पाळली!

पण इंग्लंडच्या गावकऱ्यांना खरोखर काही टोचलं नाही का? टोचलं, पण ते वेगळं होतं. भाडं, कर्ज, मुदतीचे करार अकरा दिवस अलीकडे येऊ नयेत अशी तरतूद कायद्यातच होती, तेव्हा पैशाची लूट झाली म्हणावी तर तेही नाही. प्रश्न होता सणांचा. नाताळ कधी धरायचा? बकिंगहॅमशायरमधल्या क्वेंटन गावात एक काटेरी झाड नाताळच्या रात्री फुलतं अशी श्रद्धा होती. १७५२ मध्ये नव्या नाताळच्या आदल्या रात्री दोन हजारांवर माणसं कंदील-मेणबत्त्या घेऊन झाडाखाली जमली. फूल आलं नाही. तेव्हा जुना नाताळच खरा, असा निवाडा लोकांनी केला. वेडगळ म्हणा, पण माणसांनी प्रयोग केला आणि निकाल मानला. रत्नागिरीकडे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी दिवाळी महिनाभर आगेमागे होते, हे ठाऊक असणाऱ्याला क्वेंटनची ती रात्र परकी वाटणार नाही.

वगळलेल्या दिवसांवरून खरा घोळ घातला तो एका शिकलेल्या माणसाने. सीझरपासून मोजलं तर १५८२ पर्यंत जवळजवळ तेरा दिवसांची चूक साचायला हवी. मग पोपने दहाच का वगळले? जर्मन लेखक हेरिबर्ट इलिगने १९९०च्या दशकात याचं उत्तर दिलं: मधली सुमारे तीनशे वर्षं झालीच नाहीत. ६१४ ते ९११ हा काळ बनावट, शार्लमेन सम्राट काल्पनिक, आणि हे कारस्थान तिसरा ऑटो आणि दुसरा सिल्व्हेस्टर पोप यांचं, ख्रिस्तानंतरच्या हजाराव्या वर्षी आपणच गादीवर असावं म्हणून.

उत्तर अगदी साधं आहे. ग्रेगरीच्या गणितज्ञांना संपात सीझरच्या काळी नव्हे, नायसियाच्या काळी होता तिथे न्यायचा होता. ३२५ पासून मोजा, दहाच दिवस येतात. झाडांच्या खोडांतली वर्तुळंही जर्मनीत सलग मोजलेली आहेत. त्यांत तीनशे वर्षांची फट नाही.

इलिगचा दावा युरोपच्या नकाशाबाहेर नेला की आणखी पंचाईत होते. ६२२ची हिजरत त्या काळात, चीनचं तांग घराणं सगळंच्या सगळं त्यात, सम्राट हर्ष त्यात, वेरूळचं कैलास लेणं कोरवणारा राष्ट्रकूट पहिला कृष्णही त्यातच. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रविकीर्तीने कोरवलेली चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्तीही त्याच काळातली आहे. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा तो स्वामी झाला असं ती सांगते. ऑटो आणि सिल्व्हेस्टर यांचा या मंदिराशी काडीचा संबंध नाही, आणि रविकीर्तीने काळ दिला आहे तोही एका नव्हे, दोन गणनांनी: भारतयुद्धापासून ३७३५ वर्षं आणि शकांची ५५६.