माझ्या आवडत्या बाई, माझी आत्या



५ सप्टेंबर जवळ आला की आपण मुलांना एक निबंध हमखास देतो, 'माझे आवडते शिक्षक'. आणि तपासायला बसलं की चाळीस वह्यांत एकच निबंध चाळीस वेळा वाचायला मिळतो. 'माझ्या बाई खूप प्रेमळ आहेत. त्या खूप हुशार आहेत. त्या छान शिकवतात. म्हणून त्या मला खूप आवडतात.' वहीवरचं नाव झाकलं तर निबंध कुणी लिहिला ते कळत नाही, आणि बाई कोणत्या ते तर मुळीच कळत नाही.

माझी आत्या अशा वहीत 'प्रेमळ' शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि समासात लिहायची, 'काय केलं त्यांनी?' बस, एवढंच. मूल वही घेऊन परत जागेवर जायचं आणि विचार करायला लागायचं.

यंदा जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आत्या गेली. बाराव्याला घरी खूप माणसं आली. बाई फार मायाळू होत्या, शिस्तीच्या होत्या, साध्या होत्या, असं सगळे सांगत होते. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण ऐकताना मला आत्या दिसेना. मग दाराशी बसलेले एक रिक्षावाले दादा म्हणाले, "मला घड्याळ येत नव्हतं. बाई विचारायच्या, आठ तेराची गाडी चुकली, पुढची आठ एकवीसला, तर फलाटावर किती मिनिटं उभा राहशील? तिथून मला घड्याळ आलं." आणि मला आत्या दिसली. डाव्या हाताच्या बोटांवर मिनिटं मोजत उभी असलेली.

म्हणून हा निबंध तिच्याच नियमाने लिहिते आहे. ती कशी होती ते लिहीत नाही, तिने काय केलं तेवढं लिहिते.

आत्याने लग्न केलं नाही. ती आमच्याकडे डोंबिवलीला राहायची आणि कल्याणच्या एका मराठी शाळेत शिकवायची. दुसरीत मी तिच्याच वर्गात होते. घरून निघताना आत्या, शाळेच्या फाटकातून आत गेलं की बाई. पहिल्याच दिवशी तिने मला हे समजावलं आणि वर्षभर पाळलं. घरी गृहपाठात मला मदत मागायला परवानगी होती, पण तिने वर्गात बाकीच्यांना जेवढं सांगितलं असेल तेवढंच ती मलाही सांगायची. माझ्या वहीतही समासात 'काय केलं?' असायचंच.

जोडाक्षरं तिने आम्हाला स्टेशनच्या नावांवरून शिकवली. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी ही नावं जन्मापासून ऐकलेली. तिने शब्दपट्ट्या केल्या होत्या. दिवा आणि कोपर आधी, कारण त्यात जोडाक्षर नाही आणि अर्थही माहीत. मग कळवा, ठाणे. मग अनुस्वारासाठी डोंबिवली. सगळ्यात शेवटी अवघड मंडळी. मुंब्रामध्ये र खाली जातो, ठाकुर्लीत तोच र डोक्यावर चढतो, आणि कल्याणात अर्धा ल य ला चिकटून बसतो. रफार आणि रकार यांतला फरक आजही मला ठाकुर्ली आणि मुंब्रा म्हणूनच आठवतो. डी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र शिकले तेव्हा मनात म्हटलं, अरे, ही तर आत्याची शब्दपट्टी!

आमच्या वर्गात एक मुलगी अजिबात बोलायची नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. आत्याने तिला बोल म्हणून कधी आग्रह केला नाही. तिला काम दिलं, दाराबाहेरच्या चपलांच्या जोड्या मोजायच्या आणि आकडा फळ्यावर लिहायचा. तो आकडा आत्या हजेरीशी ताडून बघायची. एक दिवस फळ्यावर आकडा लिहून ती वळली आणि म्हणाली, "बाई, एक चप्पल एकटीच आहे." वर्ग गप्प. आत्या नुसती म्हणाली, "शोधा मग." आणि सगळा वर्ग तिच्याबरोबर चप्पल शोधायला बाहेर.

२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणमधल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. मुलांची पुस्तकं भिजली. आत्या ती घरी घेऊन आली. आमच्या गॅलरीत दोरीवर कपड्यांऐवजी बालभारतीची पुस्तकं वाळत होती. पानापानात वर्तमानपत्राचा कागद घालून तिने ती इस्त्री केली. मी तेव्हा कॉलेजात होते, दोरीला चिमटे लावायचं काम माझ्याकडे होतं. पानं शेवटपर्यंत वाकडीच राहिली, पण वाचता येत होती.

थोरांवरच्या निबंधालाही ती हाच नियम लावायची. 'ताराबाई मोडक या थोर शिक्षणतज्ज्ञ होत्या' असं सांगितलं की चौथीतलं मूल खिडकीबाहेर बघायला लागतं. आत्या सांगायची ते असं. आपल्याच ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघरमध्ये आहे) बोर्डी नावाचं गाव आहे. तिथे १९४५ साली ताराबाईंनी लहान मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जायची. मग ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी काय केलं? शाळाच कुरणावर नेली! गुरं चरताहेत आणि मुलं शिकताहेत, ती कुरणशाळा. १९७३ साली ताराबाई गेल्या, अनुताईंनी काम थांबवलं नाही. 'पद्मभूषण' हा शब्द आत्याच्या गोष्टीत शेवटी यायचा, कुरण आधी.

शिक्षकांनो, यंदा हा निबंध द्याल तेव्हा फळ्यावर मुद्दे देऊ नका. तीन प्रश्न द्या. त्यांनी काय केलं? तेव्हा तू कुठे होतास? त्या नेमकं काय म्हणाल्या? चारच ओळी येतील, पण त्या त्या मुलाच्या असतील. आणि पालकहो, मोबाइलवरचा तयार निबंध उतरवून देण्याऐवजी तुमच्या स्वतःच्या बाईंनी काय केलं ते मुलांना सांगा. बघा, 'प्रेमळ' शब्द न वापरता सांगता येतं का.

आणखी एक. आत्या हा निबंध नेहमी हयात माणसावर लिहायला सांगायची आणि गृहपाठ द्यायची, की लिहून झालं की त्या माणसाला तो वाचून दाखवून ये. सही आणायची, पालकांची नव्हे, त्या माणसाची. हा गृहपाठ मी या वर्षी माझ्या वर्गाला देणार आहे. तुम्हीही देऊन बघा.