दिवसाढवळ्या तारे

फेअरबँक्सला पर्यटक जातात ते जून-जुलैत, आणि नेमकी तेव्हाच तिथे काळोखी रात्र नसते. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अलास्कातल्या या शहराचं आकाश पुरतं अंधारतच नाही. जूनच्या उत्तरार्धात सूर्य मध्यरात्र उलटल्यावर मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा हजर होतो. मधल्या वेळात नुसती संध्याकाळ. इथले लोक 1906 पासून दरवर्षी या दिवसांत, रात्री दहाच्या पुढे, दिवे न लावता बेसबॉलचा सामना खेळतात. तारे बघायचेच असतील तर डिसेंबरात यावं, पण तेव्हा पारा उणे चाळिसापर्यंत उतरू शकतो. अशा गावातल्या विद्यापीठाच्या संग्रहालयाला नवं तारांगण जोडलं जातंय, हे वाचलं तेव्हा मला त्यात चैनीपेक्षा शहाणपणच जास्त दिसलं.

अँकरेजहून मी आगगाडीने गेले. जवळपास 570 किलोमीटर अंतर, अख्खा दिवस खाणारा प्रवास. देनाली शिखर ढगांनी शेवटपर्यंत दाखवलं नाही. नेनाना गावापाशी तानाना नदीवरचा लोखंडी पूल येतो. जुलै 1923 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी इथे सोन्याचा खिळा ठोकून हा लोहमार्ग पुरा झाल्याचं जाहीर केलं. जर्मनीत झाइस कंपनीने घुमटावर तारे पाडणारं पहिलं यंत्र लोकांना दाखवलं, तेही याच वर्षी.

शहर वसलं ते अपघातानेच. 1901 मध्ये ई. टी. बार्नेट नावाचा व्यापारी आगबोटीत माल भरून तानाना नदीवर बराच वर जायला निघाला होता. पाणी उथळ झालं, बोट पुढे जाईना. कप्तानाने त्याला मालासकट चेना नदीच्या काठावर उतरवलं. बार्नेट कपाळाला हात लावून बसला असेल. पण बोटीचा धूर पाहून डोंगरातून एक इटालियन खाणकामगार खाली आला, फेलिक्स पेड्रो. पुढच्याच वर्षी त्याला जवळच्या ओढ्यात सोनं सापडलं आणि अडकलेल्या दुकानाभोवती गाव उभं राहिलं. न्यायाधीश विकरशॅम यांच्या आग्रहावरून त्याला इंडियानाच्या एका सेनेटरचं नाव मिळालं. याच विकरशॅम यांनी 1915 मध्ये गावाबाहेरच्या टेकडीवर, पुढे विद्यापीठ झालेल्या कॉलेजची कोनशिला बसवली. 1922 मध्ये कॉलेज उघडलं तेव्हा विद्यार्थी होते सहा.

टेकडी काही रिकामी पडलेली नव्हती. तानाना खोऱ्यातले दिने लोक तिथे रानकंद खणायला आणि एकमेकांशी सल्लामसलत करायला पूर्वापार जमत आले होते.

संग्रहालय 1929 पासून आहे. आताची पांढरी, वळणावळणाची इमारत त्या मानाने अगदी अलीकडची. आत सगळ्यात जास्त गर्दी ‘ब्लू बेब’पाशी: हा हिमयुगातला रानगवा. 1979 मध्ये सोन्यासाठी गोठलेला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने फोडताना तो वर आला. अंगावर सिंहाच्या नखांचे, दातांचे ओरखडे होते आणि कातडीवर निळी झाक. शरीरातला फॉस्फरस आणि मातीतलं लोखंड यांच्या संयोगातून व्हिव्हियनाइट हे खनिज तयार होतं, त्याचा तो रंग. आधी त्याचं वय 36 हजार वर्षं मानलं गेलं; नंतरच्या तपासण्यांनी ते 50 हजारांच्या पलीकडे नेलं. त्याच्यावर काम करणारे डेल गथ्री यांनी त्याच्या मानेच्या मांसाचा तुकडा रस्स्यात शिजवून पाहुण्यांना वाढला होता. संशोधकाची ही हौस मला आवडली. चव मात्र मी घेतली नसती.

माझा जास्त वेळ गेला तो एका छोट्या खोलीत. संगीतकार जॉन ल्यूथर ॲडम्स यांनी 2006 मध्ये तिथे एक रचना बसवली. ती कुणी वाजवत नाही. सूर्य-चंद्राची जागा, जमिनीची थरथर, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ यांच्या ताज्या नोंदींवरून संगणक सतत आवाज घडवत राहतो. ध्रुवप्रकाश जोरात असेल तर घंटांसारखे सूर उमटतात, बाहेर लख्ख ऊन असलं तरीही. तारांगणाची कल्पना इथे वीस वर्षं आधीच रुजली होती असं म्हणायला हरकत नाही.

अलास्कात तारांगण ही नवलाई नाही. अँकरेज आणि जूनोमध्ये ती आधीपासून आहेत. पण ही दोन्ही शहरं बरीच दक्षिणेला. फेअरबँक्स जवळजवळ 65 अंश उत्तरेवर आहे, म्हणजे ध्रुवतारा तिथे क्षितिजापासून 65 अंश वर. पुण्यात तो जेमतेम साडेअठरा. सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. उलट अगस्त्य तिथे उगवतच नाही, आणि वृश्चिकातली ज्येष्ठाही क्षितिजाखालीच राहते. ज्यांचे सप्तर्षी मावळत नाहीत, त्या लोकांनी आकाश वेगळंच वाचलं: दिने परंपरेत सप्तर्षी ही शेपटी, आणि ती ज्याची, तो जगाला फेरी मारून आलेला प्रवासी. त्याची आकृती अख्ख्या आकाशभर पसरलेली. ही माहिती विद्यापीठातल्या संशोधकांनी गावोगावच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून घेतली. नव्या घुमटाखाली ग्रीक आकृत्यांच्या आधी या प्रवाशाला जागा मिळावी, असं माझं ठाम मत आहे.

मराठी माणसाला इथे टिळक आठवणारच. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ 1903 मध्ये प्रसिद्ध झालं, पेड्रोला सोनं सापडल्यावर वर्षभरातच. सप्तर्षी आकाशात उंच असल्याचं ऋग्वेदातलं वर्णन आणि तिथल्या लांबच लांब उषा यांवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं, असं त्यांनी मांडलं. अभ्यासक आज ते मानत नाहीत. पण जिथे कधी पाऊल ठेवलं नाही तिथलं आकाश त्यांनी कागदावर गणित करून फिरवून पाहिलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. डिजिटल तारांगणात पुण्याचं आकाश ध्रुवाचं करायला आता अक्षांशाचा आकडा बदलला की पुरे. पुण्यात टिळकांच्याच नावाच्या रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 पासून तारांगण आहे; हा प्रयोग तिथेही करून पाहण्याजोगा.

खरं आकाश आणि घुमटातलं, दोन्ही बघायची इच्छा असेल त्यांनी ऑगस्टच्या अखेरीस जावं. तेव्हा काळोख परतलेला असतो, ध्रुवप्रकाशाचा हंगाम सुरू होतो, आणि साधा जाड स्वेटर पुरतो. जूनमधलं तिकीट स्वस्त मिळालं, तरी मोहात पडू नये.