औंढ्याच्या पायऱ्या आणि केदारनाथची दरी

यंदाच्या माघात शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे दर्शन घेऊन परतताना औंढा नागनाथला थांबलो. बँकेतील माझे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर तेथेच स्थायिक झाले आहेत. त्यांच्यासोबत नागनाथाचे मंदिर पाहिले. काळ्या पाषाणाचे ते हेमाडपंती शिल्पवैभव, मंदिराच्या मागील बाजूस असलेला नंदी, विसोबा खेचर आणि नामदेव यांच्या भेटीची कथा, हे सारे अनेकांनी लिहिले आहे. मला मात्र स्मरणात राहिल्या त्या गाभाऱ्याच्या पायऱ्या.

गाभारा जमिनीखाली आहे. सभामंडपातून अरुंद, उभ्या पायऱ्यांनी, अंग चोरून खाली उतरावे लागते. वर उभा असलेला सेवेकरी खालची माणसे वर आल्याखेरीज नव्यांना उतरू देत नव्हता. एका यात्रेकरूने घाई केली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आधी वरचा रस्ता मोकळा होऊ द्या, दादा.”

सहकाऱ्यांच्या पत्नी गुडघेदुखीमुळे वरच थांबल्या होत्या. घरी चहा घेताना त्या म्हणाल्या, “इथल्या चार पायऱ्या होत नाहीत, तिथे केदारनाथ कसे चढणार? म्हणून हेलिकॉप्टरने जायचे ठरवले आहे. पण वणीची बातमी वाचल्यापासून मन धजत नाही. तुम्हाला काय वाटते, भाऊजी?”

१५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले आणि सातही जणांचा अंत झाला. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे एक दाम्पत्य व त्यांची चिमुकली मुलगी होती. ही टक्कर नव्हती. दरीत ढग उतरले होते. तथापि ढगाचा आणि टकरीचा संबंध निकटचा आहे. मंदाकिनीची दरी मुळात अरुंद. गुप्तकाशी, फाटा, सिरसी येथून हेलिकॉप्टरे तिच्यातूनच वर जातात आणि तिच्यातूनच परततात. ढग खाली आले की उडण्याजोगी जागा आणखी आक्रसते आणि जाणारे व येणारे एकाच फटीकडे वळतात. म्हणून अशा दरीत जाण्याची व येण्याची बाजू वेगळी हवी, ठरलेल्या खुणांवर रेडिओवरून आपले स्थान कळवायला हवे, आणि मुख्य म्हणजे एका वेळी दरीत किती यंत्रे असावीत याला मर्यादा हवी.

“पायलट बघतोच की समोर,” सहकारी म्हणाले. केवळ बघण्यावर विसंबणे किती महागात पडते, हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर १८ जून १९८६ रोजी सहलीचे विमान आणि सहलीचे हेलिकॉप्टर आदळले. २५ माणसे गेली. त्यानंतर तेथे मार्ग आणि उंची आखून देण्यात आली. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टला २ जानेवारी २०२३ रोजी एकाच कंपनीची दोन हेलिकॉप्टरे, एक उतरताना व एक उडताना, धडकली आणि चौघे मृत्युमुखी पडले. उडणाऱ्याचा रेडिओ संदेश बहुधा अँटेनाच्या बिघाडामुळे बाहेर गेलाच नाही, असे चौकशीत आढळले. उतरणाऱ्याने दुसरे हेलिकॉप्टर जमिनीवर पाहिले होते, परंतु त्यापासून धोका आहे असे त्याला वाटले नाही. शिवाय दोघांचे मार्ग एकमेकांना छेदतील अशीच उतरण्या-उडण्याच्या जागांची रचना होती.

आम्हा बँकवाल्यांना यात नवल नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्या एकमेकांवर अविश्वास असतो म्हणून नव्हे. एकाची चूक दुसऱ्याच्या हाती अडावी म्हणून. तेथे सारा भरवसा एका हाकेवर होता, आणि ती हाक पोहोचली नाही.

वणीच्या दुर्घटनेनंतर केदारनाथची सेवा दोन दिवस बंद ठेवण्यात आली आणि नियंत्रण कक्ष उभारण्याचे आदेश निघाले. हे उचितच. पण प्रवाशाच्या हाती काय? मी वहिनींना एवढेच सुचवले की परतीचे रेल्वे आरक्षण दर्शनाच्या दुसऱ्याच दिवसाचे करू नये. गाडी चुकेल या धास्तीने प्रवासी हेलिपॅडवर हुज्जत घालतात, आणि ‘आज नाही’ म्हणणाऱ्या वैमानिकावर दडपण येते.

सहकाऱ्यांनी मुलाला तेथूनच फोन लावला. गुप्तकाशीचा मुक्काम दोन दिवसांनी वाढवायला सांगितले. “आणि तरीही ढग हटले नाहीत तर?” मुलाने विचारले असावे, कारण वहिनी पलीकडून म्हणाल्या, “तर डोली करू. नाहीतर खालूनच हात जोडू.”