पोचिंकीत उतरू

आमच्या गावात युद्ध रात्रीच्या जेवणानंतर सुरू होतं. जागा ठरलेली, ग्रामपंचायतीच्या पायऱ्या, कारण धारूरच्या या डोंगरात रेंज धड तिथंच धरते. चार पोरं पाय खाली सोडून बसतात, माना मोबाइलात. वाटेनं जाणाऱ्याला वाटावं की यांची जुंपली.

"आरं मागं बघ, मागं!"

"मला उठीव की, मरायलोय मी हितं!"

"थांब जरा, आधी बॅग लुटू दे."

हे शेवटचं वाक्य सख्ख्या चुलतभावाला उद्देशून असतं आणि त्यावर सगळे, मरणाऱ्यासकट, खदाखदा हसतात. माझ्या मते या खेळाचं मर्म तेवढ्यातच आहे. बंदुका, गणवेश, विमानं, नकाशे सगळं लष्करी. पण आतला कारभार जत्रेचा.

खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. पबजी म्हणा, आता कागदोपत्री बीजीएमआय म्हणा. शंभर माणसं एका विमानातून बेटावर उड्या टाकतात. खाली पडताना अंगावर कपडे सोडले तर काही नसतं. घराघरात शिरून बंदूक, गोळ्या, मलमपट्टी शोधायची आणि शेवटी एक माणूस किंवा एक टोळी उरेपर्यंत तग धरायचा. भोवतीनं निळं रिंगण आवळत येतं, त्याच्या बाहेर राहिलात तर कोणी न मारताही मरता. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसाच्या डोक्यातून हे निघालं. एरँगेल हे बेटाचं नाव त्यानं आपल्या मुलीच्या नावावरून बेतलं. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. एवढा मुलूख आमच्या पोरांना तालुक्याच्या नकाशापेक्षा चांगला पाठ आहे. त्या बेटावरची पोचिंकी म्हणजे शेजारचं आडस असावं अशा थाटात ती बोलतात. 'पोचिंकीत लई गर्दी ऱ्हाती, शाळेवर उतरू.' खऱ्या शाळेवर एवढ्या उत्साहानं उतरलेली मी त्यांना पाहिलेली नाहीत.

माझा पुतण्या एफपीपी खेळतो. त्यात आपला माणूस दिसत नाही. दिसतात फक्त पुढं आलेले दोन हात आणि हातातली बंदूक. दुसऱ्या प्रकारात, टीपीपीत, कॅमेरा पाठीमागून असतो, त्यामुळे भिंतीआड बसून पलीकडचं चोरून बघता येतं. एफपीपीत तसली सोय नाही. बघायचं तर डोकं बाहेर काढावं लागतं, आणि डोकं काढलं की समोरच्यालाही दिसतं. पुतण्या याला इमानदारीचा खेळ म्हणतो. मला पटतं.

आणि मग तवा. या खेळातली सगळ्यात लाडकी वस्तू बंदूक नाही. लांबचा टिपणारी एडब्ल्यूएम सापडली तर पोरं खूष होतात, पण तवा सापडला तर ओरडतात. साधा दांड्याचा तवा, घराघरात पडलेला सापडतो. तो कमरेमागं, बरोबर बैठकीवर लटकतो आणि मागून आलेली गोळी त्यावर टणकन आपटून वाया जाते. चिलखतं फुटतात, शिरस्त्राणं फुटतात. तवा फुटत नाही. एकदा पुतण्यावर कोणीतरी खोलीभर गोळ्या झाडल्या, आणि हा पाठ करून शांतपणे दाराबाहेर पडला. त्या टण् टण् आवाजावर पायऱ्यांवर जी हास्याची लाट उसळली, ती ऐकून समोरच्या घरातली म्हातारी काठी घेऊन बाहेर आली. "काय रं मुडद्यांनो, कोण मेलं?" तर कोणीच नव्हतं मेलं.

भारतीय आवृत्ती आली तेव्हा रक्त हिरवं करून आली. 'किल' जाऊन 'फिनिश' आलं. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. तिच्यातून वाट कशी काढायची ते पोरांनी आठवड्याच्या आत शोधलं असेल, मी विचारलं नाही. त्याआधी पबजीवर बंदी आली ती 2 सप्टेंबर 2020 ला, ऐन कोरोनात, जेव्हा शाळाही त्याच मोबाइलात होती. 2 जुलै 2021 ला नवं नाव घेऊन खेळ परत आला, 28 जुलै 2022 ला पुन्हा गायब झाला आणि 2023 च्या मे महिन्यात पुन्हा उगवला. बेडूकसुद्धा एवढ्या नियमानं येत-जात नाहीत.

मी या पोरांना राक्षसभुवनची लढाई सांगितली ती एरँगेलच्या भाषेत. आपल्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठी झालेली. 10 ऑगस्ट 1763. शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकते. मी म्हटलं, निजाम अलीची फौज नदी ओलांडत होती. निम्मी पलीकडं गेली, निम्मी अलीकडं राहिली, गोदावरीला पूर. अलीकडच्या निम्म्यांवर मराठे तुटून पडले. दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला आणि निजाम पलीकडून बघत राहिला.

पोरं क्षणात समजली. "म्हंजी ब्रिज कॅम्प!"

एरँगेलच्या दक्षिणेला लष्करी तळाचं वेगळं बेट आहे. तिथून परतायचं तर पूल ओलांडावे लागतात, आणि पुलाच्या तोंडाशी कोणीतरी दबा धरून बसलेलं असतंच. रिंगण मागून हाकतं, पुढं बंदूक. निम्मा स्क्वॉड पलीकडं, निम्मा अलीकडं, ही अवस्था त्यांनी रोज भोगलेली. पेशवे माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते, म्हटल्यावर सगळ्यांनी एका पोराकडं पाहिलं. तोही अठराचा. "हा? हा तर रश मारायला भेतो," पुतण्या म्हणाला. इतिहासाचा तास तिथं संपला.

पण खरं सैन्यही या पायऱ्यांपासून लांब नाही. हीच पोरं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळत असतात. भरती हा आमच्याकडचा खरा धर्म. पोलिसांत जायचं तर उंची 165 सेंटिमीटर, छाती 79 आणि फुगवून पाच जास्त. मग 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं, गोळाफेक, सगळे मिळून पन्नास गुण. पुढं लेखी शंभराची. सैन्याचं वेगळं, अग्निवीरचं वेगळं. जागा थोड्या, पळणारे हजारो. रात्री विमानातून उडी टाकताना कोणी छाती मोजत नाही. एक सेंटिमीटर कमी भरला म्हणून मैदानाबाहेर काढलेला पोरगा तिथं रोज भरती होतो, मरतो, आणि 'परत लाव' म्हणून पुन्हा रांगेत उभा राहतो. त्याला हसू येतं ते यामुळंही असेल.

या खेळात मरण्याची जी कारणं आहेत त्यांत आमच्या भागातलं एक कारण ग्रीनसाहेबाला सुचलं नसतं. आईचा फोन. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. सांगली, कोल्हापूर, कुठं कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. पोरं आजीपाशी राहतात नाहीतर हंगामी वसतिगृहात. दिवसभराची तोड, मोळ्या बांधणं, गाडी भरणं उरकून आई कोपीत येते, चूल पेटवते आणि मग फोन लावते. ती वेळ नेमकी शेवटच्या रिंगणाची. स्वस्तातला मोबाइल, कॉल घेतला की नेट बसतं. इकडं पोरगा "हां आई, जेवलो, आजी बरी हाय" म्हणत असतो आणि तिकडं त्याचा माणूस उघड्या रानात बंदूक धरून दगडासारखा उभा राहतो. कोणीतरी येऊन टिपतो. फोन संपेपर्यंत पडद्यावर त्याची पेटी झालेली असते.

पायऱ्यांवरचा अलिखित नियम असा की आईच्या फोनवर मेलेल्याला कोणी शिव्या द्यायच्या नाहीत. बाकी कशावरही द्यायच्या. एकानं कॉल कापून खेळ चालू ठेवला आणि जिंकून दाखवलं, तेव्हा त्याच्याशी कोणी बोललं नाही. मोठ्यांनी हा नियम शिकवलेला नाही.

स्क्वॉडातला सगळ्यात मोठा यंदा भरतीत 1600 मीटरला मागं पडला आणि भावाच्या ऊसतोडीच्या टोळीत गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता; याचं लग्न झालेलं नाही, म्हणून हिशोबात अर्धा कोयता. मधूनच एखाद्या रात्री त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करून तो तिकडच्या फडातून आत येतो, एक डाव खेळतो, तोंड भरून शिव्या देतो आणि झोपायला जातो; पहाटे चारला तोड असते. एरवी त्याच्या जागी मी खेळतो. माझं काम पट्ट्या आणि गोळ्या वाहायचं. "काका, तुम्ही नुस्ते गवतात पडून ऱ्हावा, बाकी आमी बघतो." मी पडून राहतो. वर आभाळ असतं, चांगलं रंगवलेलं.

पोरं मोबाइलात वाया गेली, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. जागरण वाईटच, डोळे जातात, पेपर राहतात, हे सगळं खरं. पण बाहेरून ओरडण्यापेक्षा एकदा आत यावं. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आमच्या स्क्वॉडात चौथी जागा कच्चीच असते. माझी मी आनंदानं सोडीन, पोरांना माझ्यापेक्षा जास्त आनंद होईल. रात्री नऊला या. मोबाइल चार्ज करून आणा, आणि घरून फोन आला तर उचला.